सायकल सांगायची राहिली

राहुरी, बुधवार संध्याकाळ

कमरेच्या मणक्यात नसांची जागा अरुंद झालीय, हे दोघांनाही मान्य. सर्जन म्हणतात, ऑपरेशन करून जागा मोकळी करू. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणतात, व्यायामानं जागा रुंद होणार नाही, पण चालणं वाढू शकतं. आधी करून बघा. मग निवडायचं कसं?

मॅडमनी विचारलं, सलग किती चालता? म्हटलं, रोज दूध घालायला डेअरीपर्यंत जातो, काही होत नाही. त्या बुचकळ्यात पडल्या. त्यांच्या खोलीपर्यंत येतानाच पायांना मुंग्या येऊन मी मध्ये बाकावर बसलो होतो.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "अन् सायकल? ती सांगितली का तुमी?"

नाही सांगितली. किटल्या अडकवलेली सायकल वाकून ढकलत नेतो, त्यात काय सांगायचं? पण वाकलं की नसांना जागा मिळते, असं मॅडमच म्हणाल्या होत्या. म्हणजे सायकलमुळंच...?

उद्या सायकल घरी ठेवून डेअरीपर्यंत जाऊन बघतो. ऑपरेशन की व्यायाम, ते नंतर. आधी कळू दे, इतके दिवस चालत कोण होतं, मी की सायकल.