मुठीतला फ्यूज

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. आम्ही मायलेकी धडधाकट आहोत. तुम्हीही असाल, पण वहिनीने या खेपेला गुडघ्यांविषयी एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि ती गुडघ्यांविषयी गप्प बसणारी बाई नव्हे. तेव्हा स्पष्टच विचारते, काही लपवताय का?

तू लिहिलंस, मुलगा चांगला आहे, आता आडमुठेपणा सोड आणि लेकीच्या लग्नाला हो म्हण. चांगला आहे हे मलाही दिसतं. (इतका चांगला का, हेच कळत नाही. दारात स्वतःच्या चपला सरळ लावतो, वर माझ्याही लावतो. एवढं कोण करतं?) माझी अडचण त्याच्या स्वभावाची नाही, धंद्याची आहे. तो वायरमन. ह्यांचाही धंदा तोच, आणि ह्यांना न्यायला कुठला आजार आला नव्हता. खालून कुणीतरी ओरडलं, "केलंय बंद!" आणि ह्यांनी त्या शब्दावर तारेला हात लावला. भाजीवाल्याने किडकं दिलं तरी 'त्याला दिसलं नसेल' म्हणणारा माणूस. भोळ्याशी संसार मी केला, सुखाचा केला, पण तो अर्ध्यातच संपला. लेकीच्या वाट्याला तसला यायला नको.

तुला ठाऊकच आहे, मी वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. हे गेल्यावर ह्यांचं वायरिंगचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. विद्या थोडी कळली, भीती पुष्कळ कळली. म्हणून ठरवलं, याची परीक्षा घ्यायची. स्वयंपाकघरातला प्लग काळा पडलाय, त्याला बोलाव, असं मी लेकीला गोड आवाजात सांगितलं. (गोड आवाज ऐकून तिने माझ्याकडे जे पाहिलं! माझीच मुलगी.)

तो यायच्या आधीच जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जाऊन मी आमचा फ्यूज उपटून आणला. दुसऱ्याच्या भरवशावर राहायचं नाही, हा माझा नियम. पेट्यांवर रंगाऱ्याने ठळक आकडे घातलेत. आमचा आकडा पाहिला, फ्यूज काढला, मुठीत धरून बसले.

तो आला, चपला लावल्या, विचारलं, "मावशी, फ्यूज काढलाय ना?" मी त्याच्या नाकासमोर मूठ उघडली. "छान," म्हणाला, आणि गेला की जिन्यात! तिथल्या चालू पॉइंटला टेस्टर लावून पाहिला, टेस्टर नीट आहे ना म्हणून. मग आत येऊन आमच्या प्लगच्या भोकात घालायला निघाला. मला राग आला, दादा.

"मी काय खोटं बोलते?"

"तुम्ही नाही हो, मावशी. पण तार अजून माझ्याशी काही बोललेली नाही."

टेस्टरचा दिवा लागला. लालभडक.

त्याने हात मागे घेतला आणि शांतपणे म्हणाला, "तुमच्या मुठीतला फ्यूज खराच आहे. फक्त तुमचा नाही." तेवढ्यात खालचे निवृत्त मास्तर अर्धी इस्त्री झालेली विजार घेऊन वर आले. वीज त्यांची गेली होती. रंगाऱ्याने पेट्या रंगवताना आकडे बुजवले आणि मग आपल्या अंदाजाने पुन्हा घातले. (तो मला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता. शीळ फार घालायचा.)

मी मुठीतला फ्यूज मास्तरांच्या हातात ठेवला. ह्यांना 'केलंय बंद!' म्हणून खालून ओरडणारा तो माणूस कसा असेल, याचा मी इतकी वर्षं विचार करत आले. दुष्ट असेल, प्यायलेला असेल, कामचुकार असेल. दादा, तो माझ्यासारखाच असेल. फ्यूज मुठीत धरून खात्रीने बोलणारा.

मुलाने मला पाणी दिलं, एक शब्दही टोचून बोलला नाही. (मी असते तर बोलले असते.) आमचा फ्यूज स्वतः शोधला, काढला, परत टेस्टर लावला, मगच पेचकस हातात घेतला. तरी तू घाई करू नकोस. एक दिवस शहाण्यासारखं वागणं कुणालाही जमतं.

वहिनीला नमस्कार, गुडघ्यांना आराम.

तुझी,
धाकटी

ता. क. : तुझ्या दुकानातलं एक मजबूत कुलूप पाठव, मीटरच्या पेटीला बसेल असं. लोक जावयाला अंगठी देतात, मी कुलूप देणार. जिथे कामाला जाईल तिथे फ्यूज काढायचा, पेटीला कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. किल्ली एकच हवी. दुसरी असेल तर मोडून टाक, तुझ्याकडेही ठेवू नकोस. तुला कुणी 'जरा द्या हो' म्हटलं की तू देतोस.

आणखी ता. क. : लेक पाठीमागून वाचत होती. म्हणाली, "आई, तू 'जावई' लिहिलंयस." मी म्हटलं, हात घसरला. "मग खोडू?" म्हणाली. म्हटलं, राहू दे, मामाच्या पत्रात खाडाखोड बरी दिसत नाही.