भरदुपारी पाला खुडणारा

प्रिय लुखान्यो,

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र तशीच चालते. मक्याला कणसं धरली आहेत आणि ओळींमधला रानपाला कमरेला लागतोय. आई तो मक्याच्या भरड्यात शिजवते. हल्ली एक ताटली जास्तीची वाढते. कुणाची म्हणून विचारलं, तर म्हणाली, "म्झोलिसीची. येतो दुपारचा."

आपल्या म्झोलिसीदादाने जन्मात पाल्याला हात लावला नाही, ठाऊक आहे ना? "हा बायकांचा चारा. पुरुषाच्या ताटात मटण हवं," म्हणायचा आणि तू खिदळायचास. जोहान्सबर्गला वीस वर्षं तळलेलं मांस न् सॉसेज, वर बिअर. शौचाला रक्त पडत होतं ते त्याने लाजेपोटी दोन वर्षं लपवलं. आतड्याचा कॅन्सर कळला तेव्हा उशीर झाला होता. पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला आणि आपण त्याला गुरांच्या कुंपणापाशी, वाडवडिलांशेजारी पुरलं.

मी दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं, पाला खाल्ला असता तर वाचला असता का हो? त्या म्हणाल्या, "असं छातीठोक कुणी सांगू नये, बाई. भाजीपाला, शेंगा, भरड धान्य खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो, एवढंच. होतच नाही असं नाही. आणि सख्ख्या भावाला झाला, म्हणजे तुम्ही उरलेल्या दोघा भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं." मी महिन्यापूर्वी घेतलं. माझं ठीक निघालं.

आईचं वय झालं म्हणून मी तिचं बोलणं मनावर घेतलं नव्हतं. मग एका भर दुपारी पाणी घेऊन शेताच्या कडेने येत होते. वारा नव्हता, तरी मका हलत होता. आत दादा वाकला होता. पाठ मी ओळखली. नुसते कोवळे शेंडे नखाने खुडत होता, अगदी आपल्या आईसारखे. मी हाक मारली, त्याने मान वर केली नाही. बादली ठेवून आत शिरले तर कुणी नाही. खुडलेल्या देठांना मात्र चीक ताजा होता.

त्यानंतर तीनदा दिसला. मला भीती वाटेनाशी झाली होती, खरं सांगते. घाईत असल्यासारखा खुडायचा, जेवायचं राहून गेलेल्या माणसासारखा.

काल मात्र तिथे दोघं होते. दुसऱ्याने तुझं कारखान्यातलं नारिंगी जॅकेट घातलं होतं. त्याला पाला खुडता येत नव्हता, दादा त्याला शिकवत होता. आईने काल दोन ताटल्या जास्तीच्या वाढल्या. मी तिला काहीच बोलले नव्हते. लुखान्यो, गेल्या महिन्यात फोनवर तू "मूळव्याध असेल, थोडं रक्त जातं, कुणाला सांगू नकोस" म्हणालास. मी कुणाला सांगितलेलं नाही. पण तू उद्याच दवाखान्यात जा. लाज वाटली तर मी येते, दाराशी बसते. तू अजून जिवंत आहेस, आणि वेळ आहे.

तुझीच ताई,
नोझुको