तुकडी घरी निघाली, मी थांबलो

तीर्थरूप आप्पांना कल्याणचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

मी बरा आहे. थंडी फार आहे, पण जेवण बरोबर मिळते.

हे पत्र धाकट्या छकुलीला वाचायला देऊ नका, ती आईजवळ बोलून जाईल; तुम्हीच सावकाश वाचा. आमच्या टेरिटोरियल आर्मीच्या तुकडीला आता घरी सोडत आहेत. पण माझी ड्युटी संपली की आईचा लष्करी दवाखान्यातला किडनीचा इलाजही बंद होईल. म्हणून मी अर्ज करून दुसऱ्या तुकडीसोबत थांबलो आहे.

आई फोनवर विचारते, "कधी येऊन राह्यला रे?" मी सांगतो, साहेब सोडत नाहीत. तुम्हीही तेच सांगा. खरे कळले तर ती दवाखान्यात जाणारच नाही. वाटूरहून एसटीने दवाखान्यात जाताना तिला खिडकीजवळ बसवता ना?

काल ती म्हणाली, "मुडदा बशिवला त्या साहेबाचा." साहेब भले आहेत. ती शिवी मी माझी समजून ऐकून घेतली.

तुमचा,
कल्याण