आणखी काय देऊ?

अण्णा,

तुमच्यामागे दुकान मी कसं चालवलं, हे तुम्हाला सांगायचं कधीपासून मनात होतं. बढाई मारण्यासारखं होतं तेव्हा वेळ झाला नाही, आणि आता लिहायला बसले आहे ती मान खाली घालून. आपल्या दुकानात आता गल्ल्यामागे डबे नाहीत. गिऱ्हाईक स्वतःच आत फिरतं, टोपली भरतं, आणि दारापाशी बसलेली मुलगी एकेका पाकिटावर लाल उजेड मारते की वस्तूचं नाव पडद्यावर उमटतं. कुळथाचं पीठ संपत आलं की माझ्याआधी कॉम्प्युटरला कळतं. पावस गावची माणसं घरबसल्या फोनवर यादी पाठवतात आणि जेवणाच्या वेळेआधी आपला टेम्पो त्यांच्या अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकाशीच उभा असतो. बाजारपेठेत हे सगळं पहिल्यांदा मी आणलं. लोक म्हणाले, पोरगी बापापेक्षा सवाई निघाली. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू.

तुमचं वाक्य मात्र मी टाकलं नव्हतं. एक जिन्नस बांधून झाला की तुम्ही मान वर करून विचारायचात, "आणखी काय देऊ?" घाई नाही, आर्जव नाही, समोरच्याला आठवायला वेळ मिळावा म्हणून विचारल्यासारखं. अर्धी रत्नागिरी तुम्हाला त्या तीन शब्दांनी ओळखायची.

मी पाचवीत असेन. शाळा सुटल्यावर पोत्यावर बसून मी तुमची नक्कल करते आहे. भाट्याकडचा एक माणूस येतो. पायात वहाण नाही, तोंडातून शब्द नाही. तुम्ही त्याच्याकडे एकदा बघता आणि वरच्या फळीवरून वर्तमानपत्रात बांधलेलं गाठोडं काढता. मर्तिकाचं सामान तुम्ही कायम तयार ठेवायचात. पांढरं कापड, सुतळी, बुक्का, तीळ, कापूर, सगळं एकत्र. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला उभं राहून एकेक वस्तू मागायला लागू नये, म्हणून. तुम्ही गाठोडं त्याच्या हातात देता, आणि मी पोत्यावरून खणखणीत आवाजात विचारते, "आणखी काय देऊ?"

तो माणूस गाठोडं छातीशी धरून पायऱ्या उतरला. तुम्ही गल्ल्याबाहेर आलात, पायरीवर जाऊन उभे राहिलात आणि तो वळणाआड जाईपर्यंत तिथून हलला नाहीत. मग आत येऊन म्हणालात, "काय गो, त्याला आणखी काय हवं असेल?" मी रडायला लागले. तुम्ही मला जवळबिवळ घेतलं नाहीत. म्हणालात, "ह्या सामानाला 'आणखी काय' विचारायचं नाही. 'या परत' म्हणायचं नाही. द्यायचं आणि माणूस दिसेनासा होईपर्यंत गप उभं राहायचं. एवढं जमत नसेल तर दुकानात बसू नको."

तुम्ही गेलात तेव्हा फळीवरचं गाठोडं मीच काढलं. ते तुमच्याच हातचं होतं. तुमची गाठ कोणाला सुटेना, शेवटी काकांनी कात्री लावली. म्हणजे ह्या सामानाची रीत मला ठाऊक नव्हती, असं म्हणायची सोय नाही.

गेल्या गणपतीआधी मी नवीन यंत्रणा बसवून घेतली. गिऱ्हाइकाने काय घेतलं, किती दिवसांनी घेतलं, हे ती लक्षात ठेवते आणि वस्तू संपायच्या सुमाराला त्याच्या फोनवर आठवण पाठवते. चहा संपला असेल, साबण संपला असेल. बसवायला पुण्याहून एक बाई आली होती. तिने विचारलं, ताई, मेसेजमध्ये काय लिहू? मी म्हटलं, माझ्या वडिलांचं वाक्य घाला. मर्तिकाच्या सामानाचंही मी तोवर बंद खोक्यातलं पाकीट केलं होतं, त्यावर काळ्या रेघांची पट्टी आणि नाव, 'अंत्यविधी संच'. लोकांची सोय झाली होती, हे खरंच आहे.

थंडीत मास्तरांची बायको गेली. आपले मास्तर, ज्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं, जे रोज संध्याकाळी तुमच्याबरोबर अर्धा कप चहा घेत आणि राजकारणावरून भांडत. त्यांचा पुतण्या येऊन संच घेऊन गेला. दारापाशीच्या मुलीने सवयीने फोन नंबर विचारला, त्याने मास्तरांचा दिला.

महिन्याभराने मास्तर दुकानात आले. सकाळची वेळ, दुकान भरलेलं. मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, "मास्तर, फोन करायचात, सामान घरी पाठवलं असतं." त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "वाच गो."

"तुमचा चष्मा..."

"चष्मा आहे माझ्या नाकावर. तू वाच. मोठ्याने."

वर्गातही ते असंच करायचे. ज्याची चूक त्याच्याच तोंडून वाचून घ्यायचे. मी वाचलं. "नमस्कार. महिन्यापूर्वी आपण घेतलेला अंत्यविधी संच संपत आला असेल. आणखी काय देऊ?" खाली हसऱ्या टोपलीचं चित्र होतं. अण्णा, तुमचं वाक्य मी माझ्या तोंडाने दुसऱ्यांदा त्याच जागी म्हटलं, आणि या वेळी मी पाचवीत नव्हते.

"मी नाही पाठवलं, मास्तर," मी म्हटलं. "कॉम्प्युटर पाठवतो आपोआप. त्याला काय कळतंय."

मास्तरांनी फोन परत घेतला. "असं होय," ते म्हणाले. "मग त्याला सांग, अजून एक लागेल. पण घाई नाही म्हणावं." एरवी निघताना ते "येतो गो" म्हणायचे. त्या दिवशी काही न बोलता पायऱ्या उतरले. मला पायरीवर उभं राहणंसुद्धा सुचलं नाही. मी आत गेले आणि पुण्याच्या त्या बाईला फोन लावून नको नको ते बोलले. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "ताई, मी विचारलं होतं तुम्हाला."

संच आता पडद्यावरून काढला आहे. वरच्या फळीवर परत वर्तमानपत्रातली गाठोडी आहेत, मी बांधलेली, गाठी सैल पडतात. गावभर सगळे म्हणतात, मशीनने घोळ घातला. मी त्यांना तसंच म्हणू देते.

पण तिने खरंच विचारलं होतं, अण्णा. कोणत्या वस्तूंची आठवण पाठवायची नाही, त्यावर खूण करा म्हणाली. यादी लांबलचक होती, दारात गणपतीची गर्दी. संचाच्या नावावर बोट ठेवून तिने विचारलं, "ह्याचीसुद्धा पाठवायची?" मी नाव वाचलं. मला तुम्ही आठवलात, पायरीवर पाठमोरे उभे. आणि कामाच्या वेळी मध्येच आठवलात म्हणून मी वैतागले. "सगळ्याची पाठव गं," म्हटलं.

मास्तरांचं घर दुकानापासून दहा मिनिटांवर आहे. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही मला "वाच गो, मोठ्याने" म्हणणार नाही.