दलदलीतला उत्साही नर

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि काकांचा खोकला आपापल्या जागी शांत असतील, असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम आहे. (डावा पाय मुरगळलाय, पण तो इतका खाली आहे की तब्येतीत धरत नाही.)

आम्ही पक्ष्यांचे लोक नेमकं करतो काय, असं तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी विषय बदलतो. आता सांगतोच. आमच्या दलदलीत पाणकोंबडीच्या नात्यातला, मुठीएवढा तपकिरी पक्षी राहतो, किंवा राहायचा. सहा वर्षांत तो कोणाला दिसलेला नाही, कारण स्वारी गवतातून बाहेरच येत नाही. नुसती ओरडते, तेही फरशीवरून खुर्ची ओढल्यासारखं. म्हणून पहाटे त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज छोट्या स्पीकरवर लावायचा आणि पाच मिनिटं कान टवकारून बसायचं. तो असला तर चिडून उत्तर देतो. (आपल्या हद्दीत दुसरा शिरला, असं त्याला वाटतं. आपल्या घराण्यातही हे चालतंच.) या मोसमात तो असल्याचा पुरावा मिळाला नाही, तर दलदल बुजवून तिथे गोदामं बांधायचं ठरलेलं आहे.

पहिल्याच दिवशी उत्तर आलं! मी चिखलात नाचलो. असे सलग एकोणीस दिवस मी आवाज लावायचा आणि पलीकडच्या काठावरून त्याने ओरडायचं. वहीत मी 'नर, उत्साही' अशी नोंद केली. आमच्या प्रमुख बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मला चहा विचारला. विसाव्या दिवशी त्याला डोळ्यांनी बघावं म्हणून गवतातून रांगत निघालो, कंबरेपर्यंत रुतलो, पाय मुरगळून घेतला, आणि शेवटचं गवत बाजूला केलं तर समोर दुसऱ्या संस्थेतले एक टकले संशोधक, तेही रांगतच आलेले, हातात स्पीकर. त्यांच्या वहीतही 'नर, उत्साही' असंच लिहिलेलं होतं. तो नर म्हणजे मी.

दोघांनाही हसू आलं नाही. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि एकोणीस नोंदींवर एकेक रेघ ओढली. मला फार वाईट वाटलं गं. मोसमाचे आता नऊच दिवस उरलेत.

असो. लोभ आहे तो चिखलासकट असू दे.

तुझा भाचा

ता. क. पाकीट बंद करताना तुझं मागचं पत्र हाती लागलं. (आलं तेव्हा 'गुडघे' या शब्दापर्यंतच वाचलं होतं, माफ कर.) त्यात शेवटी तू लिहिलंयस की घरामागे, जिथे ही दलदल संपते, तिथल्या गवतात रोज पहाटे 'कोण मेलं फर्निचर हलवतं' कळत नाही, म्हणून सोमवारी माणूस लावून सगळं गवत कापून घेणार आहेस. मावशी, आज रविवार आहे! हात जोडतो, त्या माणसाला परत पाठव. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र आमच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. उद्या पहाटे मी लंगडत पोचतो. बाई आणि ते टकले गृहस्थही येताहेत.

ता. ता. क. काका पहाटे उठून खुर्ची ओढून बसतात, हे आत्ता आठवलं. उद्या त्यांना पलंगावरच बसव. या वेळी मला नातेवाईक नकोय, पक्षी हवाय.