थोर का चोर

गुरुजी, तुमी जाऊन लय वर्सं झाली, तरी तुमाला लिहायला बसले की आपोआप पदर सावरते. पाढे चुकले की तुमी जो कान पिळायचे, त्यो आता कमी ऐकतोय. तवा चांगला ऐकायचा. मंग त्या दिवशी मी थोर ऐकलं का चोर, ते आजूनबी सांगणार न्हाई. 'एका थोर माणसाची गोष्ट सांगा,' तुमी म्हणलाव, आन मी उठून निजामाच्या टायमाच्या त्या चोराची सांगितली, आमच्या आबाकडून ऐकलेली. शिपायाचीच घोंगडी पिळून दोर केला, जेलची भिंत उतरला, आन उजाडता शिपायाच्या बायकोला तीच घोंगडी घडी घालून देऊन गेला. 'दादाला थंडी वाजंल,' म्हणला. सगळा वर्ग हसायलाय, तुमी छडी घेऊन उभे. 'पोरी, थोर म्हणलो मी! थ, थाळीतला थ!' 'गुरुजी, भिंत लय उंच होती. थोरच की त्यो.' मला लिंबाखाली उभं केलंत. मधल्या सुट्टीत डबा घेऊन तुमीच आलाव, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली आन हळूच इचारलंत, 'मंग, पुढं काय झालं गं?'

मंग काय, रोज मी त्याला एकेका जेलात घालायचे आन पळवायचे. तुमी शेवट इचारला की मी म्हणायचे, 'त्यो आजून पळायलाय, गुरुजी.' शेवट आबानं सांगितला होता, पर मला त्यात काई गंमत वाटायची न्हाई. निजामाचं राज्य गेलं, त्याला वळखणारे शिपाईबी गेले. म्हातारपणी त्यो मोटारीच्या थांब्यावर बसून ऱ्हायचा. खाकी दिसली की काठी टेकत उठायचा, 'मला न्यायला आलाव का?' नवे शिपाई हसून पुढं जायचे.

आमचे मालक होते तवर हीच गोष्ट शंभरदा ऐकून 'हां, मंग?' म्हणायचे. आता लेकाचा फोन येतो, 'जेवलीस का' इचारतो, आन मी 'हां' म्हणेस्तोवर ठिवतो.

काल सोनपेठहून एक पोलीस आला, पोरगाच. गल्लीतल्या एकाच्या पासपोर्टाची चौकशी होती.

'मावशी, ह्यांचं घर कोणतं?'

'मला न्यायला आलास का, बाबा?'

'तुमी काय चोरलंय?'

'घोंगडी.'

हसला. टोपी काढून वट्ट्यावर टेकला. मी चहा टाकला, भिंतीपासून गोष्ट सुरू केली, आन त्यो फुंकर मारता मारता म्हणला, 'मंग?'

हे पत्र पेटीत टाकत न्हाई, तुमच्या पत्त्यावर कोणता पोस्टमन जाईल? तुमाला तेवढं सांगते. त्यो इचारत होता ते घर समोरचंच हाय, गुरुजी. मी म्हणले, 'आठवंना बाबा. चहा पी तवर, येईल ध्यानात.' कप रिकामा झाला, तरी मला आठवलं न्हाई.