ट्रकच्या बाजूची जागा

प्रिय नसरीन,

आज शनिवार. उद्या सकाळी सायकलवर बसायच्या आधी तुला एक गोष्ट विचारायची आहे, म्हणून लिहायला बसले. तुला न विचारता मी आजवर साधी साडी घेतली नाही, तर ही गोष्ट कशी करू?

तुझा निरोप घ्यायचा राहूनच गेला बघ. तुला अकोल्याहून आणलं तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मग पुरुष तुला घेऊन निघाले आणि आम्ही बायका फाटकाशी उभ्या राहिलो. तुझी शबाना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. तिची तर आई गेली होती. तिच्यासमोर मी काय रडणार? घरी येऊन रडले. अजूनही रडते. फोडणी देताना रडते आणि घरच्यांना वाटतं मिरची लागली.

या सायकलच्या फंदात मला कोणी पाडलं, सांग? शिवणयंत्रावर बसून बसून गुडघे धरले तुझे, डॉक्टरांनी सायकल सांगितली तुला. मी चांगली धडधाकट होते! तरी माझ्या दारात येऊन बसलीस. "माह्या एकटीनं नाही जमत वं. तू चाल." मी म्हटलं, अगं, पन्नाशी उलटली आपली, लोक हसतील. तर म्हणालीस, "हसू दे ना! त्याईले दुसरं काम काय हाय?" आणि दोन दिवसांत माझ्या मापाचा पंजाबी ड्रेस शिवून हजर. लग्न झाल्यापासून मी साडीशिवाय घराबाहेर पडले नव्हते. तू मला दाराबाहेर ढकललंस आणि मागून म्हणालीस, "वा! कॉलेजची पोरगी दिसून राहिली." खोटारडी!

गावंडे सरांच्या ग्रुपमधला आपला पहिला रविवार आठवतो? शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेला माणूस, मला वाटलं शिट्टी वाजवून पळवणार. तिथे बघते तर एक किराणावाले काका, बँकेतले एक साहेब, दोन कॉलेजच्या पोरी, आणि सगळ्यांच्या सायकली आपल्यासारख्याच कुरकुरणाऱ्या. सर म्हणाले, "इथं शर्यत नाही. सगळ्यात हळू जो चालवते, त्याच्या चालीनं सगळे." सगळ्यात हळू मीच होते! अख्खा ग्रुप माझ्या मागेपुढे रांगत बडनेऱ्याला पोचला, पण कोणी तोंड वाकडं केलं नाही. टपरीवर गिलावडा खाल्ला. जेवढं वजन घामानं उतरलं, त्याच्या दुप्पट तिथं चढलं. परतताना तू म्हणालीस, "माणसं बरी हायेत." तू बरी म्हटलंस म्हणजे मला हो म्हणणं भागच होतं.

सरांचा नियम एकच. जोडीनं चालवायचं. ज्याला भीती वाटते तो डावीकडे, रस्त्याच्या कडेला. ज्याचा हात पक्का तो उजवीकडे, गाड्यांच्या बाजूला. आणि काही झालं, दम लागला, पाय दुखला, तर आधी जोडीदाराला सांगायचं.

तू कोणाला विचारलं नाहीस. सायकल घेतलीस आणि माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिलीस. पुढच्या रविवारी तुझ्या हँडलला गोल आरसा. मागून ट्रक येताना दिसला की घंटी दोनदा वाजवायचीस. मी हँडल घट्ट आवळायची आणि तुझा आवाज यायचा, "काहून भेऊन राहिली वं? मी आहो ना इकडून!"

किती बोलायचीस गं! कोणाच्या ब्लाउजच्या बाह्या बिघडल्या, कोणाच्या सुनेनं काय उत्तर दिलं, तुझे मियाँ रियाजभाई चहात साखर चोरून कशी घालतात. मी "हं, हं" करत रस्ता बघायची. आता तो रस्ता फार लांब लागतो.

एका गोष्टीचा राग मात्र आहे माझ्या मनात, तो आज बोलते. त्या शेवटच्या रविवारी चढावर तू दोनदा खाली उतरलीस. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणालीस, "काही नाही वं, लेस सुटली." लेस! पायात तुझ्या चपला होत्या, नसरीन! मला तेव्हाही दिसल्या होत्या त्या. मला वाटलं, दमली असेल आणि लाजत असेल, म्हणून मी हसले. तूही हसलीस. मग शबानाच्या बाळंतपणासाठी अकोल्याला निघालीस. बसच्या खिडकीतून ओरडलीस, "येतो वं लवकर. सायकलीत हवा भरून ठेव." नातीचं तोंड पाहिलंस, तेवढं बरं झालं. शबानासाठी डिंकाचे लाडू वळता वळता बसल्या जागी गेलीस. डॉक्टर म्हणाले, छातीत बरेच दिवस दुखत असणार. बरेच दिवस! आणि मी रोज तुझ्या हातचा चहा पीत होते. आधी जोडीदाराला सांगायचं, एवढा एकच तर नियम होता. तो तूच मोडलास. का नाही सांगितलंस गं?

काही महिने मी सायकलकडे पाहिलंही नाही. मग सर घरी आले, सायकलचं नावही न काढता चहा पिऊन गेले. पुढच्या रविवारी मी आपली गेले. तेव्हापासून डावीकडेच चालवते. माझ्या उजवीकडे कोणी येत नाही. कोणी ठरवलं नाही, पण तुझी जागा सगळ्यांनी मोकळी सोडली. माणसं बरी आहेत, तू म्हणाली होतीस तेच खरं.

गेल्या रविवारी एक नवी मुलगी आली. सविता. नर्स आहे, धारणीकडची, बदली होऊन अमरावतीला आली. जंगलातल्या रस्त्यावर लहानपणापासून सायकल चालवलेली, पण म्हणते, "मले ट्रकचं लय भेव वाटते." सर माझ्याकडे वळले. "सुलभाताई, हिला तुमच्या जोडीला देऊ का?"

मी फाडकन म्हणाले, "माझी जोडी आहे."

ती पोर काही न समजून माझ्या रिकाम्या बाजूकडे बघत राहिली. सरांनी तिला आपल्यासोबत घेतलं. उड्डाणपुलाच्या अलीकडे किराणावाल्या काकांची चेन उतरली म्हणून सर मागे थांबले आणि ती एकटीच पुढे गेली. मागून ट्रकनं हॉर्न दिला. मी पोचले तेव्हा ती सायकल टाकून कठड्याला धरून उभी होती, अंगाला कापरं सुटलेलं. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाली, "ताई, तुमी कशा चालवता? तुमच्याही बाजूले तं कोणीच नाही."

तिथेच पुलावर उभी राहून रडले. आता मिरचीचं नाव सांगायचीही सोय नव्हती. ती बिचारी स्वतःचं कापरं विसरून माझी पाठ चोळत बसली.

आज दुपारी तुझ्या घरी गेले. तुझी सायकल ओसरीत आहे, पुसलेली. रियाजभाईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, आरसा हवा आहे. त्यांनी आतून पाना आणला, आरसा काढला आणि माझ्या हँडलला उजवीकडे स्वतः बसवून दिला. म्हणाले, "ले जाओ. रस्ते की चीज है, घर में रख के क्या करना?" तोंड फिरवून आत गेले. चहाला थांब म्हणाले नाहीत. तेही बरंच झालं.

तर विचारायचं ते हे. उद्या मी तुझी जागा घेऊ का? ती कोणाला देत नाही, नसरीन. तिथे मी येते. डावीकडची माझी जागा तेवढी त्या पोरीला देते.

आणि वचन देते, एक दिवस अकोल्यालाही सायकलनं जाईन. मूर्तिजापूरला मुक्काम करीन हवं तर. शबानाच्या दारात घंटी वाजवीन आणि तुझ्या नातीला तिच्या आजीच्या चपलांची गोष्ट सांगीन. पण ते पुढचं. उद्या मागून ट्रक आला की दोनदा घंटी वाजवायची आणि मोठ्यानं म्हणायचं, भेऊ नको, मी आहो ना इकडून. एवढं बोलायला माझ्या तोंडून आवाज फुटला पाहिजे, बस.

तुझीच,
आजपर्यंत डावीकडची,
सुलभा